काड्यापेटीतला हरभरा

कमलताईंचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. माणूस दुःख आधी सांगतो आणि उपकार करणाराचं नाव जाता जाता घेतो, तसं मला करायचं नाही. चिंचवड स्टेशनाच्या पलीकडं, इंजिनाचे सुटे भाग करणाऱ्या आमच्या कारखान्याच्या गेटाला लागून पत्र्याची एक खोली आहे. दारावर तांबडी फुली, आत एक टेबल, एक बाकडं आणि औषधांच्या डब्यांचं कपाट. त्या खोलीतल्या सिस्टर म्हणजे कमलताई. ज्या हातांनी मी हा कागद धरलाय, ते दोन्ही हात त्यांनी मला परत दिले. हे शब्द मी तोलून लिहितोय. लेथवर काम करणाऱ्या माणसाचे हात गेले म्हणजे त्याचं गाव, घर, नाव सगळंच गेलं.

त्या गेल्याची बातमी पाच आठवड्यांमागं आली. सकाळच्या पाळीचा भोंगा झाला होता, मी लेथच्या चकात जॉब, म्हणजे कातायचा लोखंडी तुकडा, बांधत होतो, आणि बबन माझ्या मशीनपाशी येऊन नुसता उभा राहिला. बबन मोशीचा, रोज सायकलीवर येतो, आल्याबरोबर काहीतरी टोमणा मारल्याशिवाय त्याचा दिवस उगवत नाही. मी म्हटलं, "कामून रे, घरी सगळं बरं हाय ना?" तर म्हणाला, "ताई गेल्या, राव. पुण्यात, दवाखान्यात. कावीळ उतरलीच न्हाई." मी मशीन बंद केलं. फोरमनसाहेब लांबून बघत होते. तेसुद्धा टोपी काढून उभे होते... मग मला कळलं की ही बातमी सगळ्या शेडला माझ्याआधी लागलेली होती, आणि मला सांगायचं कुणी यावरच सगळे अडले होते.

मी मूळचा बीडकडचा. वडील शिंपी. शाळा निजामाच्या अमलातली, तेव्हा उर्दू आधी शिकलो आणि मराठी अक्षर मागून, म्हणून माझी ओळ अजून तिरकी जाते. निजामाचं राज्य जाताना तिकडं गडबड झाली त्या वर्षी शाळा बंद पडली. बाकीच्यांसाठी ती पुन्हा उघडली, माझ्यासाठी उघडली नाही. कुणीतरी सांगितलं की पुण्याच्या अलीकडं माळावर कारखाने निघतायत, सातवी नापासालाही घेतात. आलो. काय दिवस होते ते. पिंपरीच्या माळावर जिकडं बघावं तिकडं खांब रोवलेले, कालच्या ज्वारीच्या रानात आज पाया खणलेला, स्टेशनावर रोज नवी माणसं ट्रंका घेऊन उतरतायत, आणि मी त्यांतलाच एक, लेथवर उभा, लोखंडाच्या साली निघताना बघतोय. मला पहिल्या महिन्यात झोप लागायची नाही ती थकून नव्हे, आनंदानं.

आणि मग श्रावणात हातांना झालं. आधी बोटांच्या बेचक्यांत लाली, मग मनगटापर्यंत बारीक पाणीदार पुरळ, मग कातडी खरबरीत होऊन भेगा. खाज अशी की जॉब सोडून हात विजारीवर घासावेत. बाकीचे माझ्या तांब्यातून पाणी पिईनात. कुणी म्हणे खरूज, कुणी म्हणे देवीचा कोप, एकानं तर हळूच विचारलं, "महारोग तर न्हवं?" फोरमनसाहेबांनी एके दिवशी माझे हात पाहिले आणि म्हणाले, "दिगंबर, दिवाळीनंतर कायम करायच्या यादीत तुझं नाव आहे. पण आधी पुण्याहून मोठे डॉक्टर येऊन तपासतात. असे हात घेऊन त्यांच्यासमोर गेलास तर ते काय लिहितील ते तूच समज." कायम. या एका शब्दावर मी तेव्हा जगत होतो. कायम झालं तर घरी पत्र लिहिता येईल, नाही झालं तर ट्रंक उचलून परत, आणि वडिलांच्या शिलाईयंत्रासमोर बसून लोकांची काजं करायची, तीही या हातांनी.

म्हणून मी त्या पत्र्याच्या खोलीत गेलो. म्हणजे तीन दिवस दारावरून फिरलो आणि चौथ्या दिवशी आतून आवाज आला, "अरे बाबा, दाराला प्रदक्षिणा घालून देव पावत नाही. आत ये." कमलताईंनी माझे हात आपल्या हातांत घेतले. हे कुणी केलं नव्हतं दीड महिन्यात. उलटेसुलटे केले, बेचकी उघडून पाहिली, आणि म्हणाल्या, "हे कुणाकडून आलेलं नाही आणि कुणाला जाणारही नाही. इसब आहे. आधी रडू नकोस, टेबल भिजेल." मी रडत नव्हतो, पण त्या म्हणाल्यावर रडलो.

डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. त्यांनी बघून चिठ्ठी लिहिली. एक नवं मलम होतं, विलायतेहून नुकतंच यायला लागलेलं, हायड्रोकॉर्टिझोन. हे नाव मी आठ दिवस पाठ केलं. ट्यूब करंगळीएवढी, टोपण बाजरीच्या दाण्यासारखं इवलंसं, वास काही नाही. आमच्याकडचं औषध म्हणजे झोंबलं पाहिजे, जळजळलं पाहिजे, तेव्हा ते औषध. हे तर लावलं की कळतही नव्हतं. दिवसातून दोनदा, दहा दिवस, फक्त लाल झालेल्या जागी, मग येऊन दाखवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आता माझा स्वभाव सांगतो. मी घाबरट आहे. कुणीतरी शेडमध्ये बोललं की हे नवं विलायती औषध फार जहाल, जास्त दिवस लावलं की कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते. झालं. मी सुईच्या टोकाएवढं काढायचो, एका बोटाला लावायचो आणि उरलेली नऊ बोटं देवाच्या हवाली करायचो. तिसऱ्या दिवशी तेही बंद केलं. दहा दिवसांनी हात होते तसेच. ताईंनी ट्यूब हातात घेतली, दाबून पाहिली. भरलेली.

"काय रे, मलम ट्रंकेत ठेवून हात बरे होतील असं वाटलं?"

"ताई, कातडी पातळ होते म्हणतात."

"होते. महिनोन् महिने, डॉक्टरला न विचारता, जाड थर देऊन चोळलं तर होते. मिठानं रक्तदाब वाढतो म्हणून तू अळणी जेवतोस का?"

"नाही."

"मग? घाबरून कमी लावणं ही पण चूकच. आग अर्धी विझवली की ती पुन्हा पेटते, आणि तू म्हणणार औषध वाईट."

मग त्यांनी कपाटातली काड्यापेटी काढली. आत काड्या नव्हत्या, हरभरे होते, कोरडे, चार-पाच. त्यांतला एक माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाल्या, "एका हाताला एका वेळेस एवढा. बोटानं ठिपके दे, मग पसरव, पार दिसेनासा होईपर्यंत. पांढरा राहिला तर जास्त झाला. वर फडकं गुंडाळून बांधायचं नाही, नाहीतर नको तितकं आत मुरतं. भेग ओली झाली, पू दिसला, तर लावायचं थांबव आणि आधी इथं ये. आणि दिवसभर खोबरेल. मलम आग विझवतं, खोबरेल जमीन ओली ठेवतं." तो हरभरा त्यांनी मला दिला. मी तो एका रिकाम्या काड्यापेटीत घालून उशाशी ठेवला, आणि रोज सकाळ-संध्याकाळ ट्यूबमधून मलम काढून त्याच्याशेजारी धरून बघायचो. खोलीतले सोबती हसायचे. एक म्हणाला, "सोनार झालाय का रे?"

आणि ऐका, आठ दिवसांत फरक पडला. पाचव्या दिवशी सकाळी उठलो तर रात्रभर खाजवलेलंच नव्हतं. सातव्या दिवशी मूठ वळली, पूर्ण, भेग न तडकता. मी मायक्रोमीटर धरला आणि त्याच्या थंड लोखंडाचा गारवा बोटाला कळला, जो महिनाभर कळला नव्हता. मी धावत गेटापाशी गेलो. ताई कुणाच्या तरी अंगठ्याला पट्टी बांधत होत्या. मी नुसते दोन्ही हात पुढं केले. त्यांनी त्या माणसाला म्हटलं, "बघा, हा हात दाखवायला पळत आलाय. आधी याला मी ओढून आणत होते." डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं, आता मलम बंद, खोबरेल चालू, उरलेली ट्यूब ठेव पण मला विचारल्याशिवाय उघडू नकोस.

इथंच मी चुकलो. आणि चूक अशी की ती आमच्या शेडमध्येच व्हावी.

खंडेनवमी आली. ज्यांनी ती कारखान्यात पाहिली नाही त्यांना काय सांगू. आदल्या दिवशी सगळी मशीनं घासून पुसून लख्ख, प्रत्येक लेथला झेंडूचा हार, चकाला हळदीकुंकू, आणि मधल्या पाटावर ज्याची त्याची हत्यारं मांडलेली: कुणाचा पाना, कुणाची कानस, कुणाचा कॅलिपर. जे आपल्याला पोसतं ते पाटावर. मी माझा मायक्रोमीटर ठेवला. मग वाटलं, मायक्रोमीटर धरणारे हात कुणी दिले? खिशातली ट्यूब काढली आणि तीही ठेवली. बबननं पाहिलं. "ह्यो कोण नवा देव?" मी सगळी हकीकत सांगितली, फुगवून सांगितली. पूजा झाली, ट्यूबला कुंकू लागलं, फूल वाहिलं, आणि प्रसाद वाटायची वेळ आली तेव्हा बबन म्हणाला, "आता या देवाचा पण प्रसाद दे की, राव." बोट पुढं केलं. मी दिला. देवाचा प्रसाद नाही म्हणायचा नसतो. बबननं सदरा वर करून कमरेवरच्या नायट्याला लावला. दुसऱ्यानं कोपराला. तिसरा डोळ्याशेजारच्या डागाला लावत होता, तो तेवढा मी थांबवला, का ते मला तेव्हा माहीत नव्हतं. ताई त्या दिवशी सुटीवर होत्या.

दोन दिवसांनी बबन खुशीत. "खाज गेली, राव. इतकी वर्सं झाडपाला लावला, पर अशी गेली न्हवती. अजून दे." दिलं. मला वाटलं आपण ताईच झालो. दर चार दिवसांनी तो यायचा, मी टोपण उघडायचो. इकडं पूजेच्या आदल्या दिवशी मशीनं आम्ही रॉकेल आणि धुण्याच्या सोड्यानं धुतली होती, आणि रोज संध्याकाळी हातांचं तेल काढायलाही शेडमध्ये सोडा आणि भुसाच ठेवलेला असायचा. दिवाळी आठवड्यावर आली आणि माझ्या बेचक्यांत पुन्हा तीच लाली उगवली. ट्यूब काढली. रिकामी. गुंडाळून गुंडाळून पिळली तरी आत फक्त हवा. त्याच दुपारी बबन आला आणि बाजूला घेऊन हळू बोलला, "दिगंबर, त्यो नायटा पसरलाय. पोटावर, मांडीवर. आधी निदान त्याला कड दिसायची, आता कडच न्हाई, सगळं नुसतं लालसर. बायको म्हनती, काय लावलंस?" माझे हात गेले होते, बबनचं अंग बिघडलं होतं आणि मोठे डॉक्टर अकरा दिवसांवर आले होते. मनात आलं, गप्प बसावं. ट्यूब संपली म्हणावं.

ताईंसमोर तसंच म्हणालो, "ताई, ट्यूब संपली. जरा जास्त लावली गेली." त्यांनी रिकामी ट्यूब मागितली. उजेडात धरली. मग चष्म्यातून माझ्याकडं पाहिलं.

"याच्या गळ्याला कुंकू कुणी लावलं?"

मी बोललो. सगळं. प्रसादापर्यंत. त्या रागावतील म्हणून मी भिंतीकडं बघत होतो, आणि ऐकू आलं ते हसू. खूप वेळ हसल्या, डोळे पुसले. मग एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "बबनला बोलाव. आत्ता."

बबन आला तेव्हा त्याला त्यांनी जे सांगितलं ते मला तोंडपाठ आहे. "हे मलम काय करतं? लाली, सूज, खाज शांत करतं. म्हणजे तुझ्या कातडीचा राखणदार आरडाओरडा करतोय, त्याला झोपवतं. दिगंबरच्या हातात चोर नव्हताच, राखणदार उगाच ओरडत होता, त्याला झोपवलं ते बरं झालं. तुझ्या कमरेत मात्र खरा चोर आहे, बुरशी. तू राखणदार झोपवलास. मग ती पीक खाईल नाहीतर काय करील?"

बबन विचार करून म्हणाला, "म्हंजी मीच कुत्र्याला भाकर घालून निजवलं, आन् डुकरं रानात."

"समजलं. डॉक्टर तुला दुसरं मलम देतील, जुनं, झोंबणारं."

"झोंबनारं असंल तर इश्वास हाय," बबन म्हणाला.

मला त्यांनी वेगळी शिक्षा दिली. डॉक्टरांना हे मी स्वतः सांगायचं. त्या शेजारी उभ्या राहतील, पण बोलणार नाहीत. मी सांगितलं. डॉक्टर चिडले, खूप चिडले, आणि मग त्यांनी विचारलं की शांत झालेले हात पुन्हा फुटले कशानं. मी दिवसभरात हातांना काय काय लागतं ते सांगत गेलो आणि हौदावरच्या सोड्यापाशी आलो. तेव्हा ताई निघाल्या आणि सरळ शेडमध्ये गेल्या. शेडमध्ये बाई माणूस येत नसे. लेथ एकेक करून थांबले. त्या हात धुण्याच्या हौदापाशी गेल्या, सोड्याच्या डब्यात बोट घातलं, जिभेला नाही पण नाकाला लावून पाहिलं आणि फोरमनसाहेबांना विचारलं, "साहेब, तुम्ही घरी हात कशानं धुता?"

"साबणानं. का?"

"मग या मुलांचे हात फरशीचे आहेत का?"

फोरमनसाहेबांचा चेहरा मी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी हौदावर साधा साबण आला, आणि तेल पुसायला भुशाऐवजी चिंध्या. आजही आहेत. मला दुसरी ट्यूब मिळाली, ती मात्र ताईंच्या कपाटात राहायची. रोज दोन वेळा खोलीत जाऊन त्यांच्यासमोर हरभरा मोजायचा.

मोठे डॉक्टर आले त्या दिवशी माझे हात बरे होते, पण कोरे नव्हते. मनगटाशी किंचित खरबरीत. मी पहाटेपासून विचार करत होतो, बाही खाली ओढावी का. ताई म्हणाल्या होत्या, लपवलेलं डॉक्टरला आधी दिसतं. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "हे काय?" आणि मी एका दमात सांगितलं: इसब आहे, सोड्यानं झालं होतं, आता साबण आहे, अमुक मलम दोन वेळा हरभऱ्याएवढं, पातळ, अजून चार दिवस, मग बंद, मग खोबरेल, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, नायट्याला लावायचं नाही, तोंडाला, डोळ्यांपाशी विचारल्याशिवाय नाही. त्यांनी लिहिणं थांबवून माझ्याकडं पाहिलं. "शिक्षण किती?" मी म्हटलं, "सहावी, साहेब." ते म्हणाले, "वाटत नाही," आणि कागदावर शिक्का मारला. कायम. मी त्या कागदाचा वास घेतला होता, हे कुणाला सांगितलेलं नाही.

वडिलांनी त्यानंतर ताईंसाठी पोलकं शिवून पाठवलं. त्यांनी घेतलं, पण म्हणाल्या, "हे तुझ्या वडिलांचं. तुझं काय?" मग त्यांनी कपाट उघडून दाखवलं. एकेक डबा, एकेक ट्यूब, सगळ्यांवर इंग्रजी. "मी आहे तोवर मी सांगीन. पण घरी गेल्यावर माणूस कुणाला विचारणार? प्रत्येकाला मराठी चिठ्ठी चिकटव. तू लिही. तुझ्यासारख्या माणसाला समजेल असं." मी लाजलो, माझी ओळ तिरकी. त्या म्हणाल्या, "तिरकी चालेल, खरी पाहिजे." मी अकरा डब्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या, अजून बरेच डबे बाकी होते. या मलमाची मात्र जमेना. जे मी मोठ्या डॉक्टरांना एका दमात सांगितलं ते कागदावर लांब व्हायचं. चार वेळा लिहून नेली. चारही वेळा त्यांनी परत दिली. "फार भीती घातलीयस. ही वाचून माणूस ट्यूब ट्रंकेत ठेवेल." पुढच्या वेळी, "आता फार लाड केलायस. ही वाचून पूजेला मांडेल." पाचवी लिहायची राहिली. त्या आजारी पडण्याआधी शेवटचं भेटलो तेव्हा डोळे पिवळट दिसत होते, मी विचारलंही, तर म्हणाल्या, "माझे डोळे राहू दे. चिठ्ठी कुठंय?" मी म्हटलं, सोमवारी आणतो. सोमवारी खोलीला कुलूप होतं...

आता तिथं नवीन सिस्टर आल्या आहेत, नगरकडच्या, बोलायला मोकळ्या. परवा त्यांनी मला बोलावलं. टेबलावर ताईंची काड्यापेटी उघडी होती. म्हणाल्या, "हे हरभरे कशाला ठेवलेत? कीड लागेल. टाकून देऊ का?" मी एवढ्या जोरात नको म्हणालो की त्या दचकल्या. मग बाकड्यावर बसून मी त्यांना दाखवलं, एका हाताला एका वेळेस एवढा. त्यांनी एक हरभरा तळहातावर घेऊन नीट पाहिला आणि पेटी पुन्हा कपाटात, होती तिथंच ठेवली.

खोलीवर येऊन पाचवी चिठ्ठी लिहायला बसलो. पहिली ओळ झाली आहे: "घाबरू नका. मोजून लावा." दुसरी अजून खोडतोय. ताई, सोमवार म्हणालो होतो, तो चुकला. पण ही चिठ्ठी तुम्ही परत दिली नसती अशी होईपर्यंत मी लिहीन, त्या कपाटातल्या शेवटच्या डब्यापर्यंत लिहीन, आणि एक दिवस सगळ्या चिकटवून तुमच्याच बाकड्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवीन. तुमचं देणं फिटेल ते त्या दिवशी. तिरकी ओळ चालवून घ्या.